काटाघरातल्या निळ्या नळ्या

१

वच्छलाबाईंचा पाय काळा पडला होता आणि तो त्यांना दुखत नव्हता. दुखत नव्हता, हेच सगळ्यात वाईट होतं.

"पऱ्हाटीच्या काड्या आनाले गेलतो," त्या काल डॉक्टर भैरवीला म्हणाल्या होत्या, जणू पाय दुसऱ्याच कुणाचा होता. "चुलीले लागते ना. खुंट घुसलं अशीन. मले त मालूमच नाई पडलं. सुनेनं फरशीवर रगत पाह्यलं तवा कळलं."

भैरवीने त्यांना तिथल्या तिथे ऑटोत बसवून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. आज बुधवारी सकाळी तिथून निरोप आला. साखर भयंकर वाढलेली, अंगठा काढावा लागणार, पाऊल वाचवायचा प्रयत्न चालू आहे. आणि शेवटी एक प्रश्न होता. याच बाईंची लघवी मागच्या बुधवारी तुमच्याकडे तपासली, तेव्हा 'साखर नाही' असं कसं निघालं?

भैरवी निरोप वाचून मागच्या खोलीत गेली. तिथे साडीच्या झोळीत तिची सहा महिन्यांची आभा झोपली होती. झोळीची दोरी तिने सवयीने हलवली, पण लक्ष तिथे नव्हतं.

यवतमाळात बंद पडलेल्या एका जिनिंगच्या काटाघरात नगरपालिकेचा हा दवाखाना चाले. पूर्वी जिथे कापसाच्या गाड्या तोलल्या जात, तिथे आता बुधवारी म्हातारी माणसं वजनकाट्यावर उभी राहत. शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत जिल्ह्याचं नाव पेपरात आलं की लोक पान उलटत, कारण बातमी काय असणार ते ठाऊकच असे. पण आपल्या बुधवारचा सगळ्यांना अभिमान होता. साठीच्या पुढचा कुणीही या, रांगेत आधी बसायला बाक मिळेल, मग तपासणी, मग गोळ्या, आणि कुणी खेकसणार नाही. कळंब, राळेगावची माणसं लेकीकडे आली की मुद्दाम बुधवार गाठून जात.

त्याच बुधवारला आज डाग लागला होता.

"त्या पोराले काढा आधी!" व्हरांड्यातून सदाशिवरावांचा आवाज आला. वच्छलाबाई त्यांच्या धाकट्या भावाची बायको. "न तपासताच लिहून देते थो! माह्या घरची बाई लंगडी होऊन राह्यली!"

थो, म्हणजे हरिसिंग. दवाखान्यातला लघवी-रक्ताचा तपासनीस, बंजारा तांड्यावरचा पहिला शिकलेला मुलगा. त्याला नोकरी लागली तेव्हा अख्खा तांडा त्याला पाहायला आला होता, बायांनी ओढणीच्या टोकाने त्याच्या परीक्षानळ्या पुसून दिल्या होत्या.

फोन वाजला. पलीकडून आरोग्य अधिकारी साहेब होते. "मी दुपारी येतोय, डॉक्टर. निलंबनाचा कागद तयार आहे. त्याला घरी जाऊ देऊ नका."

भैरवीने वळून पाहिलं. हरिसिंग दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "मी तपासलं होतं. निळंच आलतं."

२

भैरवीने त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

"कसं तपासतोस, दाखव मला."

त्याने दाखवलं. नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर उकळी. साखर नसेल तर रंग निळाच राहतो. असेल तर हिरवा, पिवळा, केशरी, आणि फार असेल तर विटेसारखा लाल. रक्त तपासायच्या पट्ट्या एकदा संपल्या की पुन्हा कधी येतील याचा नेम नसे, म्हणून दवाखान्याची रीत अशी होती की आधी लघवी, तिथे रंग बदलला तरच रक्त.

त्याचे हात सरावाने चालत होते, काम चोख होतं. न तपासता लिहिणाऱ्याचे हात असे नसतात, भैरवीला वाटलं. पण वाटण्यावर साहेब कागद फाडणार नव्हते.

"औषध खराब झालं असेल?"

"मंग बुढ्यांच्या नळ्या काहून रंग बदलते, मॅडम? मानसांची हिरवी येते, लाल येते. बायांचीच निळी येते." त्याच्या चेहऱ्यावर अशा वेळीही थोडं कौतुक आलं. "मले वाटे, आपल्या याड्या तब्येतीनं पक्क्या हाय." तो सगळ्या म्हाताऱ्यांना याडी म्हणे, त्याच्या बोलीत आई.

"सगळ्यांची? दर वेळी?"

"एकजात."

भैरवीने टेबलावरचा ट्रे पुढे ओढला. आजच्या बाटल्या तपासायच्या राहिल्या होत्या. पुरुषांच्या रांगेत पाण्यासारखी, गवतासारखी, गढूळ, असे सगळे प्रकार होते. बायकांची रांग मात्र हळद कालवल्यासारखी पिवळीधमक, पहिल्या बाटलीपासून शेवटच्यापर्यंत.

हे आपण आधी कुठेतरी पाहिलंय, असं तिला वाटलं. कुठे, ते मात्र आठवेना. तेवढ्यात झोळीतून आभा रडली, आणि आठवण जवळ येऊन परत गेली.

३

"मले इचारता?" सिस्टर हंसाबाईंनी आभाला खांद्यावर घेतलं. त्या दुखावल्या होत्या. "चिठ्ठ्या मीच लावतो बाटल्यांले. एकीची दुसरीले लागनार नाई, मॅडम. नोकरीत केस पांढरे झाले माहे."

"तसं नाही हो सिस्टर. बाटली कोण भरून आणतं, कशी आणतं, तेवढं सांगा."

"ज्याची थो आनते. माहा नियम पक्का हाय, बाटली नाई त गोळ्या नाई. प्रेशरच्या असो का गुडघ्याच्या. बुढे कटकट करते, पन बायांचं मोठं चांगलं. बाटली घेतली, फाटकाबाहेर गेल्या, गप्पा मारत मारत भरून आनली. येका शब्दानं तक्रार नाई."

"फाटकाबाहेर कशाला?"

"रुक्माबाईचं घर हाय ना भिंतीले लागून. चहा पेतात तितं. चहाबिगर बायांचा बुधवार सरते का?"

नाव निघालं आणि रुक्माबाई दारात. चांगल्या उंच, ताठ, दात सगळे जागच्या जागी. वयाने त्या वच्छलाबाईंहून मोठ्या होत्या हे सांगूनही खरं वाटत नसे. "डॉक्टरीनबाई, ताकदीच्या गोळ्या सरल्या माह्या. आन त्या हरीले कायले छळून राह्यले सारे? पोरगं सोन्यासारखं हाय."

"देते हां, थोडं थांबा," भैरवी म्हणाली.

मग उकंडा शिपाई. तो आधीच चिडून बसला होता. ट्रे तोच उचलतो, म्हणून संशय आपल्यावरही येणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"ट्रे सांडला असंन अन मी पुन्हा भरला असंन, असंच म्हन्नं हाय ना सगळ्यांचं?" तो म्हणाला. "सांडला असता त पानी कुठून आनलं असतं? नळाले पानी हाय का? बुढ्यांच्या संडासले बादल्या वाहून वाहून कंबर गेली माही. त्या मानानं बायाच बऱ्या. त्याइच्या संडासात बादली ठेवली त तशीच भरेल राह्यते."

तो तावातावाने निघून गेला. भैरवी त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. काहीतरी खटकलं होतं. पण काय?

४

सदाशिवराव व्हरांड्यातल्या आपल्या ठरलेल्या बाकावर बसले होते. हा बाक त्यांचाच, असं सगळे मानत. त्यांनी आयुष्यभर कापसाची प्रत ठरवण्याचं काम केलं होतं, आणि पुष्कळसं याच आवारात. बाकावरून सगळं आवार दिसे, फाटक, कडुनिंब, आणि समोर बायकांच्या संडासाचं पत्र्याचं दार.

"काका, हरिसिंगवर तुमचा राग आहे?"

"राग नाई बाई. पन मानूस कामाशी इमानदार पाह्यजे. मी मुठीत कापूस घेतला का सांगत असो, कोन्या शेतातला हाय, कोरडा हाय का पानी मारेल. व्यापारी मले भेत."

"मग मला एक सांगा. दहा शेतकऱ्यांनी दहा गाड्या आणल्या. दहाही गाड्यांत कापूस अगदी सारखा. तीच लांबी, तोच रंग, तोच ओलावा. तुम्ही काय म्हणाल?"

सदाशिवराव हसले. या प्रश्नाने ते पुन्हा नोकरीवर रुजू झाले.

"दहा शेतं नाईच थे. येका शेताची माती दुसऱ्या शेतासारखी नसते, बाई. येकाच ढिगाचा माल दहा गाड्यांत भरला."

भैरवी उठलीच. "काका, तुम्ही मोठं काम केलंत."

"म्या काय केलं?" सदाशिवराव गोंधळले. "त्या पोराले कवा काढता, थे सांगा."

ढीग एकच, हे आता कळलं होतं. पण ढीग कुणाचा? आणि दहाजणींच्या बाटल्यांत तो पोचला कसा? साहेबांच्या जीपला आता फार वेळ नव्हता.

५

आईपणाची एक गंमत असते. जग इकडचं तिकडे होवो, लंगोट बदलावाच लागतो.

आभाने अगदी त्याच क्षणी तो ओला केला. आतल्या नळाला पाणी नव्हतं. उकंडाची बादली आठवून भैरवी लंगोट घेऊन आवार ओलांडून बायकांच्या संडासाकडे गेली. चालताना तिला पाठीवर काहीतरी जाणवलं. वळून पाहिलं तर व्हरांड्यातले सगळे म्हातारे तिच्याकडे पाहत होते. वाईट नजर कुणाचीच नव्हती. समोर दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं, इतकंच.

तिने दार ढकललं आणि कोळ्याचं जाळं तिच्या तोंडावर फाटलं.

जाळं चौकटीच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत होतं. आतली कडी मोडून लोंबत होती, तिच्यावर धूळ. बादली काठोकाठ भरलेली, पाण्यावर कडुनिंबाची वाळकी पानं.

आज बायकांनी बाटल्या भरून दिल्या होत्या. मागच्या बुधवारी दिल्या होत्या. आणि या दारातून कित्येक दिवसांत कुणी आत गेलंच नव्हतं.

तिने पाण्यावरची पानं बाजूला सारून लंगोट धुतला. हातातला लंगोट पिळता पिळता तिला एकदम सकाळची हुकलेली आठवण सापडली. आभा झाल्यावरचे दिवस. अशक्तपणाच्या गोळ्या चालू झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःची हळदीसारखी लघवी पाहून ती, शिकली-सवरलेली डॉक्टर, घाबरून आईला हाक मारत सुटली होती. मग स्वतःशीच हसली होती. ताकदीच्या गोळ्यांचा रंग! त्या गोळ्यांतलं जीवनसत्त्व अंगाला नको तेवढं असलं की असं पिवळंधमक होऊन बाहेर पडतं.

बुधवारच्या बायांमध्ये ताकदीच्या गोळ्या एकच बाई घेत होती.

फाटकाशी जीप थांबल्याचा आवाज आला.

६

"साहेब, थोडा वेळ द्या," भैरवी म्हणाली. "कागद खिशातच असू द्या. मला आधी बायकांशी बोलायचंय. पुरुष कुणी नको."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण ते बसले.

मागच्या खोलीत सगळ्या म्हाताऱ्या झोळीभोवती दाटीवाटीने बसल्या. आभाला हे फार आवडलं. ती एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर गेली. भैरवीने दार लावून घेतलं.

"रुक्माकाकू, आजच्या सगळ्या बाटल्या तुमच्या आहेत. हो ना?"

कुणीतरी पदर तोंडाला लावला. रुक्माबाईंनी मात्र मान आणखी ताठ केली.

"मंग? सकाळीच लोटा भरून झाकून ठेवतो मी. चहा झाला का ज्याच्या त्याच्या बाटलीत थोडं थोडं. माह्यात कवा दोष निघाला का, इचारा हरीले! चांगलंच देतो, खराब नाई देत."

"अहो पण ज्याची त्याने द्यायची असते ना!"

"थे आमाले कोनी सांगितलं?" दुसरी एक म्हणाली. "हंसाबाई म्हनते, बाटली नाई त गोळ्या नाई. बाटली म्हंजे चिठ्ठीसारखी. दिली का काम झालं."

"संडासात का नाही गेलात?"

एकीने आभाला मांडीवरून उचलून छातीशी धरलं.

"तुमी नव्या पोरी," शेवटी रुक्माबाई हळू आवाजात म्हणाल्या. "वच्छलाचे भासरे बसते तितं. नवऱ्याचा मोठा भाऊ. या वयातही थे आले का वच्छला पदर घेऊन भिंतीकडे तोंड करते. कवा त्याइच्याशी शब्द नाई बोलली. त्याइच्या समोरून हातात बाटली घेऊन त्या दारात जाईन? अन कडी बी नाई! तिनं म्हटलं, बाई, मी गोळ्याच सोडतो. म्या म्हटलं, कायले सोडतं? माही घे. पयले तिले दिली. मंग साऱ्याच म्हनाल्या, आमाले बी दे." त्यांनी भैरवीकडे पाहिलं. "माही चांगली होती म्हनूनच त देल्ली ना वं. तिचा पाय माह्यानं गेला का, डॉक्टरीनबाई?"

भैरवीने त्यांचा हात धरला.

"पाय वाचवताहेत, काकू. आणि चूक दाराची आहे. ते दार ज्यांनी तिथे लावलं त्यांची, आणि न पाहता इतके दिवस त्याच्या समोर बसणाऱ्यांची. त्यात मीही आले. पण आता हरिसिंगला वाचवणं तुमच्या हातात आहे. याच खोलीत, दार बंद. मी आणि सिस्टर बाहेर उभ्या राहतो. ज्याची त्याने."

"हरीसाठी?" रुक्माबाईंनी डोळे पुसले आणि बायकांकडे वळल्या. "उठा वं साऱ्या! लाजता कायले? इतं कोन हाय, येक आभा. थे त खुद्दच सांगून नाई करत."

त्यावर ज्या हसल्या, त्या हसतच उठल्या.

७

साहेबांसमोर टेबलावर नळ्यांचा स्टँड मांडला. दारात सदाशिवराव, त्यांच्या मागे सगळे म्हातारे. हरिसिंगने दिवा पेटवला.

पहिली नळी रुक्माबाईंची. निळी. "पाह्यलं?" त्या म्हणाल्या.

दुसरी हिरवी झाली. तिसरी निळीच राहिली. चौथी पिवळ्यावरून केशरीकडे गेली, आणि पाचवी उकळता उकळता विटेसारखी लाल झाली. जिची होती, ती बाई पुढे वाकून पाहत होती. हरिसिंग मान खाली घालून एकामागून एक नळी उतरवत होता आणि त्याच्या गालांवरून ओघळ येत होते.

"साहेब," भैरवी म्हणाली, "याने दर बुधवारी खरंच तपासलं. त्याच्यापर्यंत पोचली ती एकाच बाईंची लघवी." मग तिने सगळं सांगितलं, पिवळ्या रांगेपासून कोळ्याच्या जाळ्यापर्यंत. सांगताना भासऱ्यांचं नाव तिने घेतलं नाही. बाक म्हणाली.

सदाशिवरावांना तेवढं पुरलं. त्यांनी वळून आधी बाकाकडे पाहिलं, मग समोरच्या पत्र्याच्या दाराकडे. आणि मग सगळ्यांच्या देखत हरिसिंगसमोर हात जोडले.

"येकाच ढिगाचा माल, हे मीच सांगितलं. अन ढीग माह्याच डोळ्यांपुढं झाला, थे मले दिसलं नाई. माफ कर, लेका."

"असं नका करू, बाबा," हरिसिंग म्हणाला.

साहेबांनी खिशातला कागद काढला आणि फाडला. "डॉक्टर, दाराचं काय करायचं ते लिहून द्या. या आठवड्यात होईल."

पण नगरपालिकेच्या आठवड्याची वाट कुणी पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी उकंडाने दार काढून मागच्या भिंतीकडे फिरवलं, पुढे बांबूच्या तट्ट्याचा आडोसा केला, नवी कडी ठोकली. तांड्यावरून दोघं मदतीला आले. सदाशिवरावांनी आपला बाक स्वतः ओढत नेला आणि कडुनिंबाखाली आवाराकडे पाठ करून ठेवला. समोर रस्ता. आता ते जाणाऱ्या-येणाऱ्या बैलगाड्यांतला कापूस पारखत आणि दवाखान्यात नव्या येणाऱ्याला न विचारता सांगत, "आपला बुधवार पुऱ्या जिल्ह्यात येक नंबर हाय. इतला हरी पट्टी नसली तरी सांगते, रगतात काय हाय थे."

ती लाल नळीवाली बाई वेळेत सापडली. आणखीही दोघी सापडल्या. त्यांचे पाय, डोळे शाबूत राहिले.

आणि एका बुधवारी फाटकात ऑटो थांबला. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून वच्छलाबाई उतरल्या. अंगठा नव्हता, पण पाऊल होतं, आणि ते जमिनीवर टेकत होतं. रुक्माबाई धावत गेल्या आणि दोघी तिथेच गळ्यात पडून रडल्या.

"आज कोनाची देतं?" डोळे पुसत रुक्माबाईंनी विचारलं.

"माही," वच्छलाबाई म्हणाल्या. "माहीच देतो. तुही ठेव तुले."

नव्या दाराने त्या गेल्या, आल्या. हरिसिंगच्या टेबलाशी स्टूल घेऊन बसल्या आणि उकळी येईपर्यंत उठल्या नाहीत. भैरवी आभाला कडेवर घेऊन मागे उभी होती. नळीतला निळा रंग हलला, आणि हिरवा झाला. हिरव्यावर थांबला.

"याडी, पाह्य!" हरिसिंग म्हणाला. "मोठ्या दवाखान्यात लाल होती. आता हिरवी."

वच्छलाबाईंनी ती नळी चिमट्यासकट हातात मागून घेतली. तशाच लंगडत व्हरांड्याच्या कडेला गेल्या. कडुनिंबाखाली सदाशिवराव पाठमोरे बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. फक्त विचारलं, रस्त्याकडे पाहत, मोठ्याने, कुणाला म्हणून नाही.

"रंग कोनता आला?"

वच्छलाबाईंनी पदर कपाळावर ओढला. मग नळी उंच धरली.

"हिरवा हाय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माहा सोताचा."

सदाशिवरावांचे खांदे हलले. त्यांनी मूठ वर केली, कापूस धरल्यासारखी, आणि बोटं हळूच चोळली.

"माल सुधरून राह्यला," ते म्हणाले.